अन्यथा नष्टच होणार असल्याने

कप उकंडरावांच्या हातून निसटला नाही. त्यांनी तो फेकला. नंतर लोकांनी ही गोष्ट आपापल्या सोयीनं सांगितली, कोणी म्हणालं हात थरथरला, कोणी म्हणालं शुगर कमी झाली असेल, वय झालं बिचाऱ्याचं; पण चौतीस वर्षं कोर्टात आधी बेलीफ आणि मग नाझर म्हणून काढलेल्या माणसाला निसटणं आणि फेकणं यातला फरक चांगला कळतो. अर्ध्या चहाचा तो जाड कप टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्या डॉक्टर राजपालच्या उजव्या भुवईवर बसला आणि खाली पडून फुटला. आधी चहा ओघळला, मग रक्त. राजपालनं डोळा झाकून घेतला आणि बोटांच्या फटीतून रक्त समोरच्या कागदांवर टपटपू लागलं. वकीलीणबाई किंचाळल्या. अध्यक्ष, अकोल्याचे निवृत्त प्राध्यापक, खुर्चीसकट मागे सरकले. उकंडराव मात्र स्वतःच्या हाताकडे बघत बसून राहिले. त्यांच्या पुढ्यात एक पाटी होती आणि तिच्यावर ‘सामान्य व्यक्ती’ असं छापलेलं होतं.

तशी ती खोली मारामारीची नव्हे. वाशीमच्या बाहेर, रिसोड रोडवर निघालेल्या नव्या संशोधन केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर दर दोन महिन्यांनी नैतिकता समिती बसते आणि कोणत्या प्रयोगाला परवानगी द्यायची ते ठरवते. समितीत डॉक्टर असतात, एक वकील असतो, आणि नियमाप्रमाणे ज्याला यातलं काही कळत नाही असा एक माणूसही असावा लागतो. तो नसेल तर कोरम पुरा होत नाही आणि त्याच्या सहीशिवाय कागद पुढे सरकत नाही. उकंडराव हा तो माणूस. आपण सामान्य ठरलो याचा त्यांना आधी राग आला, मग गंमत वाटली, मग पाटीची सवय झाली. दीड वर्षात त्यांनी बीपीच्या गोळ्यांवर आणि गुडघ्याच्या मलमावर मुकाट सह्या केल्या. आजचा कागद वेगळा होता. मूल होत नाही म्हणून उपचार घेतलेल्या जोडप्यांचे तेवीस भ्रूण दहा वर्षांपासून टाकीत गोठवून ठेवलेले होते; जनावरांच्या दवाखान्यात वळूचं बी ठेवायला असते तसल्याच नायट्रोजनच्या टाकीत. कायद्यानं मुदत संपली होती. आता एक तर ते मरू द्यायचे, नाही तर संशोधनाला द्यायचे, आणि त्या जोडप्यांनी संशोधनाला द्या असं लिहून दिलं होतं. राजपाल ते फोडून आतल्या पेशी काढणार होता, त्या वाढवून त्यांच्यापासून डोळ्याच्या पडद्याचा झिजलेला भाग नव्यानं बनवता येतो का ते बघणार होता. पाच दिवसांचा जीव, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. राजपाल छान समजावतो. तांड्यावरचा, ऊसतोडीला जाणाऱ्या बापाचा मुलगा, शिकून एवढा मोठा झाला तरी काका म्हटल्याशिवाय बोलत नाही. तोच हसत म्हणाला, “काका, टाकूनच द्यायचे आहेत ते. उकिरड्यावर जाण्यापेक्षा कोणाच्या कामी आले तर काय वाईट?” एवढंच म्हणाला तो.

कोणी अडवलं नाही. उकंडराव उठले, कागदांची आपली प्रत घडी करून खिशात घातली, जिना उतरले आणि रिसोड रोडनं गावाकडे चालू लागले. मार्चचं ऊन डोक्यावर होतं. हरभऱ्याची पोती भरलेल्या टेम्पोंची रांग बाजाराकडे निघाली होती आणि ऑटोवाले मागून हॉर्न वाजवून ‘काका बसा’ म्हणत होते. उजवा हात चहानं चिकट झाला होता. पस्तावा यायला हवा होता, तो येत नव्हता. खरं सांगायचं तर त्यांना आणखी मारावंसं वाटत होतं. त्या भुवईवर पुन्हा, मग त्या पांढऱ्या भिंतीवर, त्या पाटीवर, वाटेत आडवं येईल त्याच्यावर. सहासष्टाव्या वर्षी एवढा राग अंगात कुठं साठवून ठेवला होता आपण, असं त्यांना वाटलं, आणि डाव्या पिंढरीवरचा तो जुना व्रण पायजम्याला घासून खाजू लागला. राग आला की तो खाजतो. दाताचे चार वळ आहेत तिथे, दोन वर, दोन खाली. त्यांच्या वयाबरोबर तेही वाढले होते.

त्यांचं नाव काही हौसेनं ठेवलेलं नव्हतं. वऱ्हाडात ज्या बाईची पोरं जगत नाहीत ती नवं पोर सुपात घालून उकिरड्यावर नेऊन टाकते. खरं टाकत नाही, टाकल्यासारखं करते. आधीच ठरवलेली दुसरी एक बाई तिथे जाते, ते पोर उचलते आणि मला उकिरड्यावर सापडलं असं म्हणत आईच्याच ओटीत आणून घालते. फेकून दिलेल्या वस्तूवर मरणाची नजर जात नाही, असा हिशोब. मग त्या पोराचं नाव उकंडा. असे उकंडे गावोगाव आहेत, सुखानं म्हातारे होतात, आणि त्यांना नावाची लाजही नसते. किन्हीराजाच्या मारोतरावांची, म्हणजे उकंडरावांच्या बापाची, दोन पोरं आधी पाळण्यातच गेली होती, म्हणून तिसऱ्या खेपेला त्यांच्या बायकोनंही तेच केलं. पण त्या दिवशी सुपात दोघं होते. जुळे. उचलायला यायची होती ती शेजारची दुर्गी, नुकती लग्न होऊन आलेली, जेमतेम वीस वर्षांची. गावात सगळे सांगत ती गोष्ट अशी की दुर्गी उशिरा आली. तिच्या आधी एक कुत्री आली. दुर्गीनं धावत जाऊन एकाला ओढून काढलं तोवर त्याच्या पायात दात रुतले होते, आणि दुसऱ्याला घेऊन कुत्री उकिरड्यामागच्या काट्यांत शिरली. मारोतरावांनी बैलगाडीची उभारी, कडेचा तो जाड दांडका, उपसली आणि तिला काट्यांतून बाहेर काढून मारलं. एकदा नाही, दोनदा नाही. ती मेल्यावरही मारत राहिले, हाडं मोडल्याचा आवाज थांबून नुसता चिखल तुडवल्यासारखा आवाज येऊ लागला तरी मारत राहिले. मग तीच रक्ताळलेली उभारी घेऊन दुर्गीच्या दारात गेले आणि तिनं तोंडापुढे धरलेल्या हातावर मारली. तिचं मनगट मोडलं ते तसंच वाकडं बसलं. हे सारं उकंडरावांनी पाहिलं नाही, कसं पाहणार, पण दर पोळ्याला, दर लग्नात कोणी ना कोणी ते सांगायचं आणि ऐकता ऐकता ते त्यांना पाहिल्यासारखं झालं.

बाप त्यांच्याकडे नीट बघायचाच नाही. एक उरला होता त्याच्याकडे बघितलं की जो गेला तो दिसत असेल. मारायचा मात्र नेमानं. कासऱ्यानं, पायताणानं, हाताला येईल त्यानं, आणि मारून झालं की कमरेवर हात ठेवून विचारायचा, लागलं का? याचं एकच उत्तर चालायचं. नाही. हो म्हटलं की पुन्हा सुरू. सात-आठ वर्षांच्या उकंड्याला हे उत्तर इतकं पाठ झालं की पुढे बैलानं ढुसणी दिली तरी, मोटरसायकलवरून पडून खुबा सरकला तरी, तोंडातून आधी नाहीच निघायचं. आणि बापानं दिलेलं सगळं कुठं तरी उतरवावं लागतंच. बाराव्या वर्षी विहिरीच्या वाटेवर दुर्गी डोक्यावर हंडा घेऊन येत होती. सोबतची पोरं म्हणाली, हिनंच तुह्या भावाले खाल्लं. उकंड्यानं दगड उचलला. नेम चांगला होता तेव्हाही. दगड तिच्या कपाळाला लागला, हंडा पडला, पाण्यात रक्त मिसळून वाट लाल झाली. ती ओरडली नाही, शिवी दिली नाही. वाकड्या हातानं कपाळ दाबून ती त्याच्या पायाकडे बघत उभी राहिली, पिंढरीवरच्या त्या दातांकडे. त्यानंतर चौपन्न वर्षं ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

पोलीस स्टेशनच्या चौकात त्यांना दम लागला. पानटपरीच्या सावलीत उभं राहून त्यांनी खिशातली घडी उघडली. पहिल्याच पानावर राजपालच्या रक्ताचे तीन थेंब होते, वाळत आलेले, आणि त्यांच्याखाली ते वाक्य होतं. ‘सदर भ्रूण अन्यथा नष्टच होणार असल्याने प्रस्तुत संशोधनामुळे कोणतीही हानी संभवत नाही.’ उकंडरावांनी ते दोनदा वाचलं. असलं वाक्य बघितलं की माणूस ओळखीचा निघाल्यासारखं त्यांना होई, कारण त्यांनी स्वतः असली हजारभर लिहिली होती. ताबा शांततेत घेण्यात आला. प्रतिवादीने स्वखुशीने जागा सोडली. एका गावात एका बाईनं घर सोडायचं नाही म्हणून चौकट धरून ठेवली होती. नवरा पळून गेलेला, पोरं रडत होती, सोबतचे दोघे शिपाई खाली बघत होते. तेव्हा तिशीतल्या बेलीफानं, म्हणजे यांनीच, हातातल्या कुलपानं तिची बोटं एक एक करून ठेचली. पहिलं सुटलं, दुसरं सुटलं. शेवटी अंगठा राहिला होता. मग ओसरीत बसून त्याच हातानं झोकदार अक्षरात अहवाल लिहिला की जागा स्वखुशीनं सोडली. साहेबांनी अक्षराचं कौतुक केलं होतं.

घरी पोचेपर्यंत फोन येऊन गेला होता. त्यांच्या पत्नी प्रयागबाई ओसरीत सूप घेऊन तूर निवडत बसल्या होत्या, डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. दोन वर्षांत त्यांच्या डोळ्याचा पडदा मधोमध झिजून गेला होता. मधलं गेलं, कडा राहिल्या. समोरचा माणूस उभा दिसायचा, पण चेहऱ्याच्या जागी राखेचा गोळा.

“मारलं म्हने तुमी डॉक्टरले,” त्या म्हणाल्या.

“कोन म्हने?”

“वकीलीनबाईचा फोन होता. तीन टाके पडले त्याले. पोलिसात जात नाही म्हने तो. काहून मारलं?”

“काही नाही.”

“काही नाही म्हून कोनी कप फेकते का?” सुपातला खडा त्यांनी अंगणात भिरकावला. “आठ दिवसांनी पुन्हा बैठक हाये. तुमच्याबिगर होत नाही म्हने. जा अन् सही करा.”

“तुले त्याचा उपेग नाही, प्रयाग. धा-पंधरा वर्सं लागतीन. झालं त झालं, नाही त नाही. तो सोता म्हनला.”

“मले नाही त दुसऱ्या कोनाले होईन. मी त रोज इचार करतो का कोनी तरी काही तरी करून राह्यलं असन. तेवढ्यावर सकाळी उठतो.” मग जरा हसून म्हणाल्या, “तुमचं तोंड दिसत नाही मले. कान दिसते. एवढे मोठे कान हायेत तुमचे, हे चाळीस वर्सांत समजलं नव्हतं.”

उकंडराव हसले नाहीत. “ते जित्ते हायेत,” ते म्हणाले. “टाकीत. फोडून मारनार हायेत त्यायले.”

“अन् मी?” प्रयागबाई म्हणाल्या.

प्रयागबाई उठल्या, हात पुढे करून नवऱ्याचा हात शोधला आणि नेहमीसारखी करंगळी धरली. मागच्या अंगणात जायचं झालं की त्या असंच धरत. दोन वर्षांत ती करंगळी घरातल्या कठड्यासारखी झाली होती. पण आज ती पकड उकंडरावांना सोसवली नाही. कुठून तरी आतून एक झटका आला आणि त्यांनी हात हिसडून सोडवला. प्रयागबाईंचा तोल गेला आणि कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. आवाज चांगला मोठा झाला. “लागलं का?” उकंडरावांनी विचारलं, आणि विचारता विचारता त्यांना आपल्या गळ्यात बापाचा आवाज ऐकू आला. प्रयागबाई कपाळावर येणारं टेंगूळ दाबत म्हणाल्या, “नाही.” मग भिंत चाचपत एकट्याच मागे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते निघाले आणि मालेगावला गाडी बदलून किन्हीराजाला उतरले. कशासाठी, हे त्यांना नीट ठाऊक नव्हतं. रात्रभर एकच गोष्ट डोक्यात घुमत होती की ज्या बाईनं आपल्याला उचललं तिला आपण कधी काही विचारलंच नाही. उकिरड्याची जागा राहिली नव्हती. तिथे आता सिमेंटचा रस्ता आणि पाण्याची टाकी होती. दुर्गाबाई घराच्या उंबऱ्यात उन्हाला बसून लसूण सोलत होती, वाकड्या मनगटाखाली पाकळी दाबून, दुसऱ्या हातानं. शहाऐंशीची म्हातारी, अंगात मांस म्हणून नाही, पण डोळे लखलखीत. तिनं आधी त्यांचं तोंड पाहिलं नाही, खाली पायाकडे पाहिलं.

“उकंडा होय,” ती म्हणाली. “ये. दगड आनला का?”

उकंडराव तिच्यासमोर जमिनीवर बसले. माफी मागावी असं योजलं होतं, पण ती बाजूलाच राहिली. मग त्यांनी टाकीची, त्या तेवीस भ्रूणांची, डोळ्यांची गोष्ट सांगितली, डॉक्टरला मारल्याचं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “काकू, त्या दिवशी तुले उशीर झाला नसता त दोघंही वाचलो असतो. मी जलमभर हेच ऐकलं. तुह्या तोंडून ऐकू दे एकदा.”

दुर्गाबाईनं लसणाचं टरफल फुंकून उडवलं. “उशीर नाही झाला,” ती म्हणाली. “मी येळेवरच आलती.”

“मंग?”

“मले एकच उचलायले सांगतलं होतं. तुह्या मायनं अन् दाईनं. तू मोठा होता, ते दुसरं येवढंसं. दाई म्हने, ते जगनारच नाही. पाळन्यातले दोन गेले, आता खोटं टाकून भागत नाही, एक खरंच टाकू, म्हंजे मरनाचं पोट भरन अन् मोठा वाचन. तुह्या बापाले ठाव नव्हतं. दाई म्हने, दुर्गे, ते तसंबी मरतेच, त्याले हात लावू नोको.” तिनं पुढची पाकळी घेतली. “मी गेली. तुले उचलाले वाकली त त्यानं माहं बोट धरलं.”

उकंडरावांच्या पिंढरीत कळ उठली.

“लहान पोरगं धरते तसं. धरलं त सोडेच ना. जगनार नाही म्हने, अन् जोर पाहावा त्याचा! मी तशीच वाकून उभी राह्यली. किती येळ, काय सांगू. ती कुत्री तेवढ्यात आली. मी उभी राह्यली म्हून आली, नाही त मी तुले घेऊन गेली असती. तिनं तुहा पाय धरला. मी एका हातानं तुले ओढलं, अन् हा हात,” तिनं वाकडं मनगट पुढे केलं, “हा हात हिसडून त्याच्यातून सोडवला. मंग पयाली. मांगं पाहिलं नाही. आवाज आयकला.”

कुठं तरी पिठाची गिरणी चालू होती.

“बापानं तुहा हात मोडला तेव्हा काहून नाही सांगतलं?”

“तुही माय माह्या पाया पडली होती. ती मेली, मंग तुहा बाप मेला. मंग कोनी पुसलंच नाही.” मग ती एकदम तडकली. “अन् लोकं म्हनते उशीर झाला! साठ-सत्तर वर्सं हेच! उशीर कायचा? मी सोडलं त्याले. त्यानं धरलं होतं अन् मी सोडलं. येवढं खरं कोनी तरी म्हना ना एक डाव! ते जगनारच नव्हतं म्हन्लं का सारे मोकये झाले. मले त जोर ठाव हाये त्याचा.” तिचे डोळे कोरडे होते. जरा वेळानं शांत होऊन तिनं विचारलं, “तुह्या त्या टाकीतलं बोट धरते का?”

“नाही. बोटंच नाहीत त्यायले अजून.”

“मंग तू जान अन् तुहा डॉक्टर जाने. मले काय समजते त्यातलं.”

उठताना उकंडराव तिच्या पायावर वाकले. तिनं डोक्यावर हात ठेवला नाही. कपाळावर, जिथे स्वतःला दगड लागला होता त्याच जागी, त्यांच्या कपाळाला एक बोट लावून पाहिलं. परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले आणि मालेगाव येईपर्यंत त्यांनी दात इतके घट्ट आवळले होते की जबडा दुखू लागला. आपण वाचलो ते चुकून नव्हे. कोणी तरी ठरवलं होतं, वजन करून, हा ठेवू आणि हा देऊ. आणि ज्याला दिलं त्याला विचारलेलं नव्हतं. मग राजपाल काय वेगळं करतो आहे, आणि आपण कोण लागून गेलो त्याचं डोकं फोडणारे? सहासष्ट वर्षांचं जेवण, नोकरी, बायको, भुईमुगाच्या शेंगा, उन्हाळ्यातली झोप, हे सगळं त्या येवढ्याशा पण जोरकस बोटांवर पाय देऊन मिळालेलं. त्यांना आईचा राग येईना, हे सगळ्यात भयंकर होतं. आईच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं. फक्त आपण त्यावर ‘स्वखुशीने’ असं लिहिलं असतं.

आठ दिवसांनी समिती बसली. चहा यावेळी कागदी पेल्यांतून आला. राजपालची भुवई सुजून निळी झाली होती, टाक्यांचे काळे दोरे दिसत होते. उकंडराव त्याच्यापाशी गेले आणि म्हणाले, “मी मारलं. निसटला नाही कप.” राजपाल म्हणाला, “माहीत आहे मला, काका.” मग कागद फिरू लागले, आणि कोरमच्या सोयीनं पहिला कागद सामान्य व्यक्तीपुढे आला. उकंडरावांनी पेन काढलं. अन्यथा नष्टच होणार असल्याने, या वाक्यावर त्यांनी पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, कोर्टात मारायचे तशी, शेजारी आद्याक्षरं टाकली, आणि वरच्या रिकाम्या जागेत त्याच झोकदार अक्षरात लिहिलं: ‘हे तेवीस भ्रूण जिवंत आहेत. दुसऱ्यांना डोळे यावेत म्हणून आम्ही ते मारत आहोत. हे समजून मी परवानगी देतो.’ खाली पूर्ण नाव लिहून सही केली आणि कागद डावीकडे सरकवला.

वकीलीणबाईंनी वाचलं आणि चष्मा काढला. “काका, असं नाही लिहिता येत.”

“खोटं हाये का?”

“खोटं-खरं नाही हो, भाषेचा प्रश्न आहे.” अध्यक्ष मान वाकडी करून वाचत होते. ते म्हणाले, जरा सौम्य करता येईल, मारत आहोत ऐवजी उपयोगात आणत आहोत असं. उकंडराव म्हणाले, नाही. कागद टेबलाभोवती एक फेरी फिरून आला आणि कोणी पेनाचं टोपण काढलं नाही. प्रयोग राजपालचा, त्यामुळे त्याला सहीचा अधिकार नव्हता, पण त्यानं कागद ओढून घेतला आणि उभ्यानंच वाचला. त्याचा हात नकळत टाक्यांकडे गेला.

“हे वाक्य राहिलं तर कोणीच सही करणार नाही, काका,” तो हळू म्हणाला. “माझं तीन वर्षांचं काम बसेल.”

“मी केली ना सही. मी अडवून नाही राह्यलो तुले. तूच सांग, खरं हाये का नाही?”

राजपालनं कागद परत टेबलावर ठेवला. “खरं आहे,” तो म्हणाला. “पण असं लिहीत नाहीत.”

“आमीबी नव्हतो लिहीत,” उकंडराव म्हणाले.

बैठक तहकूब झाली. पाच सह्यांच्या जागा कोऱ्या ठेवून कागद फायलीत गेला. उकंडराव घरी आले तेव्हा प्रयागबाई ओसरीतच, स्टीलच्या पेल्यातून पाणी पीत बसल्या होत्या. पायांचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली आणि तोंड जरा बाजूला फिरवलं, कारण डोळ्याच्या कडेनं बघितलं तरच त्यांना थोडं दिसे. आठ दिवसांचं टेंगूळ पिवळं पडत आलं होतं.

“झाली सही?”

“माही झाली.”

“अन् बाकीच्यायची?”

“नाही.” मग त्यांनी सगळं सांगितलं, काय खोडलं, काय लिहिलं, कोण काय म्हणालं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. आईचं सांगितलं, दाईचं सांगितलं, बोटाचंही सांगितलं. प्रयागबाई ऐकत गेल्या. ऐकता ऐकता त्यांचं तोंड लाल झालं आणि गळ्याच्या शिरा टरारल्या.

“म्हंजे तुमाले खरं बोलाची हौस,” त्या म्हणाल्या, “अन् ती माह्या डोयावर!” आणि हातातला पेला त्यांनी फेकला. चेहरा त्यांना दिसत नव्हता. दोन कानांच्या मधोमध त्यांनी नेम धरला. उकंडरावांना तो येताना दिसला. सरकायला भरपूर वेळ होता, पण ते जागचे हलले नाहीत. पेल्याची कड उजव्या भुवईवर बसली, आधी पाणी ओघळलं, मग रक्त, आणि पेला खणखणत अंगणात गडगडत गेला.

तो आवाज थांबला तशा प्रयागबाई घाबरल्या. त्या चाचपडत उठल्या, हवेत हात फिरवत पुढे आल्या आणि त्यांची बोटं नवऱ्याच्या ओल्या गालाला लागली.

“लागलं का?” त्यांनी विचारलं.

“हो,” उकंडराव म्हणाले. “लागलं.”